तीन तास तरी लागतील

बंदराच्या जुन्या प्रवासी शेडमध्ये चौकशीच्या खिडकीवर मी सव्वीस वर्षं बसले. तिथे माझ्या तोंडून सगळ्यांत जास्त वेळा निघालेलं वाक्य म्हणजे, "तीन तास तरी लागतील." जहाज वेळेवर असो नसो, तीन तास लागायचेच. आधी सामान वजनाला, मग शिक्क्याला, मग डॉक्टरला जीभ दाखवायला, मग आणखी एका शिक्क्याला. तोवर सोडायला आलेलं सगळं कुटुंब लाकडी बाकावर बसून राहायचं. पहिला तास लोक माझ्यावर डाफरायचे. दुसऱ्या तासाला कंटाळून गप्प व्हायचे. तिसऱ्या तासाला मात्र एकमेकांशी बोलायला लागायचे, कारण दुसरं करण्यासारखं काही उरलेलंच नसायचं. दहा दहा वर्षांचे अबोले त्या बाकावर सुटलेले मी काचेआडून पाहिले आहेत.

त्यामुळे नव्या टर्मिनलहून सुटणाऱ्या पहिल्या सफरीचं पत्र आलं, निवृत्त कर्मचाऱ्यांना दहा दिवस फुकट, तेव्हा मी त्याच दिवशी होकार कळवून टाकला. मला जहाजाची कणभर हौस नाही. सव्वीस वर्षांत एकदाही जहाजावर पाय ठेवला नाही. नुसतं डोलताना पाहिलं तरी मला मळमळतं. मला हवा होता तो बाक. आणि त्या बाकावर माझी दोन्ही मुलं.

थोरला आणि धाकटा चार वर्षं एकमेकांशी बोलत नाहीत. त्यांच्या बाबांना हॉस्पिटलात मशीनवर ठेवलं होतं आणि धाकटा परगावाहून सकाळच्या विमानाने पोचणार होता. डॉक्टर म्हणाले, आता नुसता त्रास आहे त्यांना. थोरल्याने आदल्या संध्याकाळीच सही केली. धाकटा आला तेव्हा खाट रिकामी होती. "माझ्यासाठी थांबला का नाहीस?" एवढंच त्याने विचारलं आणि थोरल्याने तोंड उघडलं नाही. झालं. तेव्हापासून थोरला माझ्याकडे सकाळी येतो, धाकटा संध्याकाळी. येण्याआधी दोघंही फोनवर विचारतात, "कोणी आलंय का?" कोणी म्हणजे सख्खा भाऊ! मला वाटायचं, मी मेल्यावर तरी हे दोघं एका खोलीत येतील. मग वाटायचं, ते बघायला मी नसणार, मग त्याचा मला काय उपयोग? असल्या विचारांनी माझी झोप उडाली होती.

"दोघांनी मला सोडायला यायचं," मी दोघांनाही वेगवेगळं बजावलं. "एक जरी आला नाही तरी मी घराची पायरी उतरणार नाही."

जहाज पाचला सुटणार होतं. मी दोघांना एकची वेळ दिली. थर्मासभर चहा केला आणि त्याबरोबर मुद्दाम एकच कप घेतला. बॅगेत वरच्या वर ठेवला, म्हणजे बाकावर बसल्या बसल्या हाताशी लागेल.

थोरल्याच्या गाडीतून उतरले तर धाकटा आधीच येऊन उभा होता, आठ हातांवर, पाठ करून. मी काही म्हणणार तोच गणवेशातल्या एका माणसाने डिकीतून बॅग उचलली, तिला पट्टी बांधली आणि म्हणाला, "आजी, ही थेट तुमच्या खोलीत पोचेल. तुम्ही मोकळ्या हातांनी चला." माझा चहा त्याच्याबरोबर निघून गेला.

आत गेले. खाली मऊ गालिचा, वर काच, मध्ये आपोआप सरकणारी वाट. भिंतीवर भलामोठा फलक: गाडीपासून जहाजापर्यंत फक्त अकरा मिनिटं. खिडकी नाही, शिक्का नाही, डॉक्टर नाही. समोर काचेचं फाटक आणि त्यावर कॅमेरा. लोक कॅमेऱ्याकडे बघत होते, हिरवा दिवा लागत होता, फाटक उघडत होतं, लोक हसत आत जात होते. त्या सुखसोयीचं कौतुक वाटायला हवं होतं. मला रडू येत होतं. मी बाक शोधत होते, आणि एवढ्या इमारतीत बाक नव्हता.

"इथे बसायचं कुठे?" निळ्या स्कार्फातली एक मुलगी लोकांना वाट दाखवत होती, तिला मी विचारलं.

"बसायची वेळच येत नाही, आजी," ती अभिमानाने म्हणाली.

"आणि कोणाचं काही अडलं तर?"

"मग तो कोपऱ्यातला मदत कक्ष. तिथे आहेत तीन खुर्च्या. पण तिथे कोणी जाऊ नये बाई, फार वेळ लागतो."

माझे कान टवकारले.

तेवढ्यात मुलांनी निरोपही आटपले. थोरल्याने मिठी मारली, "पोचलीस की फोन कर" म्हणाला. तो बाजूला झाल्यावर धाकट्याने मिठी मारली आणि तेच म्हणाला. मग एक डावीकडच्या पार्किंगकडे निघाला, एक उजवीकडच्या. मी घड्याळात पाहिलं. सात मिनिटं झाली होती. चार वर्षांचा गुंता, आणि मला सात मिनिटं दिली या लोकांनी!

मी फाटकाकडे पाठ केली, वरची कवळी काढली, रुमालात गुंडाळली आणि पर्समध्ये टाकली. मग गाल आत ओढून कॅमेऱ्यासमोर उभी राहिले.

लाल दिवा लागला.

"आजी, जरा सरळ बघा हं," निळ्या स्कार्फवाली म्हणाली. पुन्हा लाल. तिने माझी हनुवटी हलकेच वर केली. तिसऱ्यांदा लाल. अर्जासोबत पाठवलेला माझा घरी काढलेला फोटो तिच्या हातातल्या पडद्यावर होता. ती एकदा त्याच्याकडे बघे, एकदा माझ्याकडे. "तुम्ही मघाशी वेगळ्या दिसत होतात का हो?" तिने घाबरत विचारलं. वय झालं, असं मी म्हणाले, पण दातांशिवाय ते माझं मलाच कळलं नाही.

मदत कक्षात एक चष्मेवाला अधिकारी होता. त्याने माझा अर्ज उघडला. घरच्यांच्या नंबरांत मी दोघांचेही नंबर लिहिले होते. त्याने दोन्ही फिरवले. पाच मिनिटांत माझी मुलं दोन बाजूंनी धापा टाकत आली. "काय झालं, आई?" दोघांनी एकदमच विचारलं आणि एकदमच गप्प झाले. चष्मेवाल्याने त्यांना बाहेरच्या खुर्च्या दाखवल्या. कडेच्या दोन खुर्च्यांवर दोघं बसले. मधली रिकामी.

आता माझं काम एवढंच की त्यांना तिथून उठू द्यायचं नाही. सव्वीस वर्षं लोकांनी माझ्या खिडकीवर ज्या ज्या तऱ्हेने वेळ खाल्ला होता, त्या सगळ्या तऱ्हा मला पाठ होत्या. पासपोर्ट मागितला तर मी पर्समधून आधी चष्म्याचं घर काढलं, मग औषधांची चिठ्ठी, मग जुनं वीजबिल. जन्मतारीख विचारली तर थोरल्याची सांगितली, आणि "नक्की ना?" म्हटल्यावर धाकट्याची. जहाजाचं नाव विचारलं तर वीस वर्षांपूर्वी भंगारात गेलेल्या एका बोटीचं सांगितलं. सही केली ती लग्नाआधीच्या आडनावाची. बिचाऱ्याच्या नाकी नऊ आले. त्याने वरच्या साहेबाला बोलावलं, साहेबाने नर्सबाईंना. मी प्रत्येकाला पहिल्यापासून सगळं सांगितलं. मधूनमधून घड्याळ बघत होते आणि मनातल्या मनात खूश होत होते.

पहिला तास मुलं फोनमध्ये डोकं घालून बसली. दुसऱ्या तासात थोरला दोनदा येऊन साहेबावर ओरडून गेला. धाकटा फेऱ्या मारून पुन्हा बसला. माझा हिशेब चुकत नव्हता. पावणेचारच्या सुमारास धाकटा म्हणाला, "पाणी आणतोय. तुला हवंय?"

"हो. आण," थोरला म्हणाला.

मी काउंटरची कड घट्ट धरली. जुन्या शेडमध्ये शेजारच्याचं बोलणं ऐकू यायचं नाही एवढा गलबला. इथे त्या गालिच्यामुळे आणि काचांमुळे टाचणी पडली तरी कळावं. मला प्रत्येक शब्द ऐकू येत होता. नर्सबाई मला आतल्या खुर्चीत बसवून माझा रक्तदाब मोजत होत्या आणि तो वाढलेला होता, आनंदाने.

धाकटा पाण्याच्या दोन बाटल्या घेऊन आला आणि मधल्या खुर्चीवर बसला.

"कधीपासून चाललंय हे?" थोरल्याने विचारलं.

"मला वाटलं, तुला माहीत असेल."

"मला कसं माहीत असणार? मी सकाळी येतो. सकाळी बरी असते."

"गेल्या महिन्यात मला तुझ्या नावाने हाक मारली."

"मला नेहमीच तुझ्या नावाने हाक मारते. मी मनावर नाही घेतलं." थोरला म्हणाला. "एकदा गॅस चालू होता. दूध उतू जाऊन विझला होता. म्हणाली, फोन आला म्हणून विसरले."

"मला नाही सांगितलंस."

"कसं सांगणार होतो?"

मग धाकट्याने आठवून आठवून सांगितलं: एकाच दिवशी दोनदा केलेला फोन, चष्मा डोक्यावर असताना धुंडाळलेलं घर, उलटा घातलेला स्वेटर. थोरल्याकडेही तेवढंच होतं. अरे, कोणाचं दूध उतू जात नाही? दोन मुलं असलेल्या कोणत्या बाईने एकाला दुसऱ्याच्या नावाने हाक मारलेली नाही? पण माझ्या चुका इतकी वर्षं दोघांत वाटलेल्या होत्या. अर्ध्या सकाळच्या, अर्ध्या संध्याकाळच्या. आज पहिल्यांदा त्या एकत्र झाल्या, आणि खरोखरच त्यांचा ढीग झाला.

"बाबांच्या वेळी," थोरला म्हणाला आणि थांबला. "बाबांच्या वेळी मी थांबायला हवं होतं रे. मला बघवत नव्हतं त्यांच्याकडे. बस, एवढंच होतं."

धाकटा रडायला लागला. बेचाळीस वर्षांचा माणूस, पाण्याची बाटली मांडीवर धरून, लहान असताना रडायचा तसा खांदे उडवत. थोरल्याने त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"या वेळी दोघं मिळून ठरवू, दादा," धाकटा म्हणाला.

"हो. दोघं मिळून."

आणि त्यांनी तिथेच ठरवलं. चौथा मजला, लिफ्ट नाही. तिथे मला यापुढे एकटं ठेवायचं नाही. आजच घेऊन जायचं. सहा महिने याच्याकडे, सहा महिने त्याच्याकडे. गॅसला हात लावू द्यायचा नाही. घराची किल्ली काढून घ्यायची, नाहीतर ती गुपचूप जाईल. ही माझी मुलं माझ्याबद्दल बोलत होती, आणि इतक्या प्रेमाने बोलत होती की मला ओरडताही येईना.

बाहेर जहाजाचा भोंगा वाजला. "यांना आज प्रवास करता येणार नाही," नर्सबाई साहेबाला हळूच म्हणाल्या. माझी बॅग एकटीच दहा दिवसांच्या सफरीला निघाली होती.

मुलं आत आली. धाकटा माझ्या खुर्चीसमोर गुडघ्यांवर बसला आणि त्याने माझे दोन्ही हात धरले. थोरला त्याच्यामागे उभा राहिला, हात धाकट्याच्या खांद्यावर. दोघांचे डोळे लाल होते. किती वर्षांनी मी दोघांना एका नजरेत बघत होते!

"आई, एक विचारू? रागावू नकोस हं. आज वार कोणता?"

गुरुवार होता. मला तारीख सांगता आली असती, त्या दिवशी कोणतं जहाज कुठून येऊन कुठे जाणार तेही सांगता आलं असतं. दात पर्समध्ये होते. ते बसवून "गुरुवार, गाढवांनो, आईची परीक्षा घेता?" एवढं म्हटलं असतं तर सगळा उलगडा झाला असता. माझी खोली मला मिळाली असती: सकाळचा माझ्या हातचा चहा, माझं दार, आत आल्यावर मी लावलेली माझी कडी. आणि त्यांना कळलं असतं की आईने तीन तास नाटक केलं आणि आपल्याला बनवलं. एकाने दुसऱ्याकडे पाहिलं असतं, रडल्याची लाज वाटून. मग एक डावीकडच्या पार्किंगकडे गेला असता, एक उजवीकडच्या.

थोरल्याचा हात अजून धाकट्याच्या खांद्यावर होता. अंगठा हळूहळू फिरत होता.

"रविवार," मी म्हणाले.

धाकट्याने मान खाली घातली. थोरला वाकला आणि जपून, शब्द तोडून तोडून म्हणाला, "घराची किल्ली माझ्याकडे दे हं, आई. मी नीट ठेवतो." मी दिली. धाकट्याने आपली गाडी पार्किंगमध्येच राहू दिली आणि तो थोरल्याच्या शेजारी पुढे बसला. मला त्यांनी मागे बसवलं आणि बाहेरून दार लावलं.