गैरहजरांची संमती

शाळेची चिठ्ठी लेकीने तीन दिवस दप्तरात दडवून ठेवली होती. चौथ्या दिवशी डबा काढताना ती माझ्या हाताला लागली. मी पाचवीत शाळा सोडलेली बाई. पण छापलेलं वाचता येतं, आणि न छापलेलंही कळतं.

"आपल्या पाल्यास घरून पुरेसे पाठबळ मिळत नसल्याने पुढील वर्षापासून त्यास सोप्या तुकडीत घेण्याचे योजिले आहे. हरकत असल्यास मंगळवारी सकाळी अकरा वाजता पालकसभेत मांडावी. गैरहजर पालकांची संमती गृहीत धरली जाईल."

सोपी तुकडी म्हणजे काय ते लेकीकडूनच कळलं. गणित निम्मं, विज्ञान नावापुरतं, उरलेल्या तासांना खोकी चिकटवायची. एकदा तिथे गेलेलं पोर परत वर येत नाही. माझ्या पोरीला गणितात शंभरपैकी शहाऐंशी होते. मग तिचं नाव यादीत आलंच कसं? ती खाली बघत म्हणाली, "आई, यादी मार्कांवरून नाही केली. सभेच्या हजेरीवरून केलीय. गणिताच्या सरांनी सांगितलं. ज्यांच्या घरचं कुणीच कधी येत नाही, त्यांची."

चार वर्षांत मी एकाही सभेला गेले नव्हते. विचारलं कुणी तर ड्यूटीचं नाव पुढे करायचे. खरं कारण लाज. आपल्याला काही विचारलं आणि सांगता आलं नाही तर? नवऱ्याचंही तेच. अरुंद बोळात पाण्याचा टँकर उलटा घालणारा माणूस, पण शाळेचं फाटक दिसलं की त्याला कुठलंतरी महत्त्वाचं काम आठवतं.

मी इस्पितळाच्या धुलाईघरात आहे. वाफेच्या रोलरवर चादरींना इस्त्री होते. दोघी ओल्या चादरी आत सोडतात, दोघी पलीकडून ताणून घेतात. एक हलली की रोलर बंद. जेवणाच्या सुट्टीत मी चिठ्ठी सगळ्यांपुढे टाकली, तर पाच जणींनी आपापल्या पिशव्यांतून तीच चिठ्ठी काढली. सहावी रेडिओ. तिला आम्ही रेडिओ म्हणतो, कारण ती झोपली तरच बंद होते. तिने तर सही करून चिठ्ठी परतही पाठवली होती, सहलीची परवानगी समजून. एरवी आम्ही हसून लोळलो असतो.

सातही जणी उठून गेलो तर त्या दिवशी वॉर्डात चादर जाणार नाही. मी म्हटलं, नाही गेली तर नाही गेली. पण रेडिओची सासूच त्या वॉर्डात होती. मग ठरलं, मी जायचं, रोलरवरची माझी जागा एकीने धरायची आणि बाकी सगळ्यांनी लिहून द्यायचं. गठ्ठ्यांना बांधायच्या चिठ्ठ्यांच्या कोऱ्या बाजूवर सहा जणींनी आपापली हरकत लिहिली. एकीने नुसतं "नाही" लिहिलं आणि खाली सही ठोकली. सुपरवायझरला मी मंगळवारी दोन तास जाणार म्हणून सांगितलं. विचारलं नाही, सांगितलं.

शाळेच्या हॉलमध्ये खुर्च्या साठ आणि माणसं नऊ. समोर मोठ्या बाई, त्यांच्या शेजारी पालकसंघाचे अध्यक्ष, म्हणजे नाक्यावरच्या औषधाच्या दुकानाचे मालक, आणि वही लिहायला गणिताचे सर. विषय वाचायचा आणि मंजूर म्हणायचं, असं भराभर चाललं होतं. यादी आली तशी मी उभी राहिले आणि सात हरकती सांगितल्या. एक तोंडी, सहा लेखी.

मोठ्या बाईंनी चिठ्ठ्या चिमटीत धरून पाहिल्या आणि परत केल्या. हरकत प्रत्यक्ष हजर राहूनच घेता येते म्हणाल्या. अध्यक्षांनी जोड दिली, नियम म्हणजे नियम, ताई.

"बाई," मी म्हटलं, "जी आली नाही आणि काही बोललीही नाही, तिचा होकार तुम्ही मोजता. जी आली नाही पण सही करून नाही म्हणते, तिचा नकार मोजत नाही. म्हणजे आमचं तोंड बंद असेल तेव्हाच तुम्हाला ऐकू येतं का?"

अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं. मग समजुतीच्या सुरात सांगू लागले की हे सगळं मुलांच्याच भल्यासाठी आहे, घरी अभ्यास घेणारं कुणी नसलं की मूल मागे पडतं. मी विचारलं, शहाऐंशी मार्क मागे पडून मिळतात का. सर वहीतून डोकं वर न काढता म्हणाले, "वर्गात तिसरी आहे ती." मोठ्या बाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं की बिचाऱ्याची बदली झालीच असं मला वाटलं.

मग मी सांगून टाकलं. आमचं पाठबळ बघायचंय ना, मग पाळी सुटल्यावर सभा ठेवा. तीनला सुटतो, साडेतीनला सातही जणी इथे असू. तोवर या यादीपुढे मंजूर लिहायचं नाही. लिहिलंत तर मी उठत नाही. आणि पहिल्या रांगेत जाऊन बसले. अध्यक्ष म्हणाले, ही दादागिरी झाली. मी म्हटलं, पहिल्यांदाच आलेय, रीतभात शिकायला वेळ लागेल. मागच्या खुर्चीवरचे एक आजोबा खोकून म्हणाले की साडेतीन त्यांनाही बरं पडेल. अर्ध्या तासाने ठरलं, शुक्रवार, साडेतीन.

गुरुवारी सुपरवायझरने माझी पाळी बदलली. शुक्रवारी दुपारी दोन ते दहा. मंगळवारचा राग त्याने असा काढला. म्हणजे आता मी गैरहजर, आणि लेकीच्या नावापुढे संमती. राहता राहिला नवरा.

त्याने आधी टँकरची खेप सांगितली, मग पाठदुखी. शेवटी खरं बोलला. "अगं, मला तिथे काय बोलता येणार?"

"बोलू नका. जाऊन बसा," मी म्हटलं. "फक्त मान डोलवायची नाही. डोलवलीत तर त्याच खुर्चीवर राहा, घरी येऊ नका."

शुक्रवारी पाचच्या सुमाराला तो धुलाईघराच्या मागच्या दाराशी उभा दिसला. मला हातातली चादर टाकून जाता येत नव्हतं, म्हणून वाफेतूनच ओरडून बोलत होता. पन्नासेक माणसं होती म्हणे. मोठ्या बाईंनी सांगितलं, यादी मान्य असेल त्यांनी हात वर करा.

"मी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसलो," तो म्हणाला. "सवयीने वर जायचे एखाद्या वेळी."

"आणि बाकीचे?"

"शेजारी ती तुमची रेडिओ. माझं बघून तिनेही तसंच केलं. मग रांगच्या रांग. अध्यक्षांचा हात खांद्यापर्यंत गेला आणि डोकं खाजवून खाली आला. यादी रद्द. सरांनी वहीत लिहिलं, मी उभा राहून वाचून घेतलं."

माझ्या हातातली चादर तिरकी गेली. पलीकडच्या, दुपारच्या पाळीच्या दोघी ओरडल्या. ती सरळ करताना मी विचारलं, पुढची सभा कधी.

"पुढच्या महिन्यात. कार्यशाळा आहे, घरी अभ्यास कसा घ्यायचा त्याची." त्याने बाहीने तोंड पुसलं. "नाव देऊन आलोय."

"कुणाचं?"

"माझं. तुला कुठे वेळ असतो?"