आवडीचं ताठ रक्त

थंडी पडली की आवडीचे सांधे ठणकायला लागत. गडब गावाच्या मागल्या वाडीत त्याचं एकच निदान होतं, आळस. सासू धोंडुबाई तर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, "वीटभट्टीचं काम निघालं का हिची हाडं रुसतात." भगताला तेवढं भूत दिसलं; ते उतरवायला त्यानं दोन कोंबडे घेतले. दुखणं जागचं हललं नाही, पण रस्सा झक्क झाला होता. आवडीला ते ठाऊक, कारण तो तिनंच रांधला होता.

त्या पौषात मात्र ती भट्टीवरच कोसळली. नवरा दामू तिला रिक्षात घालून रामवाडीच्या तपासणी शिबिरात घेऊन गेला. सून ढोंग करते हे डॉक्टरांच्या तोंडून ऐकायला धोंडुबाईही चढून बसली.

डॉक्टरीणबाईंनी आवडीला आधी सुई दिली, सलाईन लावलं. कळ ओसरल्यावर तिच्या रक्ताचा थेंब एका यंत्रात सोडला आणि पडदा तिच्याकडे वळवला. पडद्यावर यंत्रातले केसाएवढे बारीक बोळ दिसत होते, त्यांतून रक्त सरकत होतं.

"चांगल्या पेशी मऊ असतात. अंग चोरून, वाकून पलीकडे जातात. तुझ्या बघ."

आवडीच्या कितीतरी पेशी ताठ होऊन, विळ्यासारख्या वाकड्या, बोळाच्या तोंडाशीच अडल्या होत्या. मागच्यांचीही वाट बंद.

"अशी वाट तुंबली की तिथं कळ उठते. याला सिकलसेल म्हणतात. पक्की तपासणी करूच, पण तुझं दुखणं खरं आहे."

"दिसलं काय गो आत्या?" आवडी सासूला म्हणाली. हसता हसताच तिला हुंदका फुटला. इतकी वर्षं तिलाही अधूनमधून वाटायचं, आपण खरंच आळशी तर नाय?

"आमच्या घरात असलं वाकडं रक्त नाय," धोंडुबाई फणकारली. "माहेरून आणलंनी."

"मग द्या थेंब," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

धोंडुबाईनं लढाईला निघाल्यासारखं बोट पुढं केलं, पाठोपाठ दामूनंही.

आठवड्यानं अहवाल आले. आवडीला सिकलसेल पक्का. धोंडुबाई आणि दामूच्या रक्तात निम्मा दोष. त्यांना स्वतःला त्रास नाही, पण दोष मुलांकडे जाऊ शकतो; आई-बाप दोघांकडून आला तर मूल आजारी. धोंडुबाईनं मान्य करण्याआधी दोन शिव्या हासडल्या.

"माझा धाकटा पोरगा, पोपट," ती म्हणाली, "असाच हातपाय धरून रडायचा. मी त्याला नाटकी म्हणायची गो. सहा वर्षांचा गेला."

आवडीनं सासूचा हात धरला.

गोळ्या सुरू झाल्या. कळा थांबल्या नाहीत, पण बऱ्याच कमी झाल्या. पुढच्या शिबिराला धोंडुबाईनं लेकीची तिन्ही पोरं टेम्पोत कोंबली. जावई कुरकुरला तेव्हा म्हणाली, "तूपण चढ, मुडद्या. पोरांत रक्त तुझंपण हाय."