शाईवाल्यांना काढण्याचा ठराव

शाईवाल्यांचं नाव निघालं की दातांच्या डॉक्टरीणबाईंच्या कपाळावर आठी पडायची. शाईवाले म्हणजे बाईंच्या चिमुकल्या पक्षाचे सभासद आणि पक्षाची पत्रकं छापणारे छापखान्याचे मालक. माणूस हट्टी, एकदा बोलायला लागला की थांबायचं नाव नाही. त्यात परवा त्यांनी कहरच केला. ‘पाणी सगळ्यांना फुकट’ ही पक्षाची पहिली मागणी, आणि हे गृहस्थ नगरपालिकेच्या जाहीर सुनावणीत उठून म्हणाले, “ज्यांच्या घरी पोहायचे तलाव आहेत, त्यांना मीटर लावा. त्यांना कशाला फुकट?” दुसऱ्या दिवशी पेपरात मथळा: चिमुकल्या पक्षातही फूट!

बाईंच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. आज तलाववाल्यांना मीटर लागलं की उद्या एका खोलीत राहणाऱ्यांनाही लागणार, हे त्यांना लख्ख दिसत होतं.

रविवारी गॅरेजवरच्या खोलीत बैठक भरली. खालून हातोड्याची ठोकठोक चालू होती. अध्यक्ष म्हणजे बाईंचे सख्खे थोरले भाऊ. त्यांनी शाईवाल्यांकडे न बघताच ठराव वाचला: शिस्तभंगाबद्दल पक्षातून हकालपट्टी.

“मला बोलू तरी द्याल?” शाईवाले उठले.

“परवा बोललात तेवढं पुरे झालं. बसा खाली.”

बाई शाईवाल्यांना चार खडे बोल सुनवायच्या तयारीनेच आल्या होत्या. पण हे ऐकलं आणि त्यांच्या डोक्यात तिडीक गेली.

“दादा, बोलू दे त्यांना.”

“तू कधीपासून त्यांच्या बाजूची?”

“बाजूची? अरे, साफ चुकलेत ते! पण चुकलेत म्हणून तोंड दाबून हाकलायचं? मग हा पक्ष काढलाच कशाला? मोठ्या पक्षाने तुला असंच, एक शब्द न ऐकता बाहेर काढलं, तेव्हा माझ्या स्वयंपाकघरात बसून ढसाढसा कोण रडलं होतं?”

दादांचे कान लाल झाले. “ते वेगळं होतं. तेव्हा माझं बरोबर होतं.”

“मोठ्या पक्षाला तसं वाटलं होतं का?”

कोणीतरी फिसकन हसलं आणि लगेच गप्प झालं. मग शाईवाल्यांना बोलू न देताच मतदान झालं. एरवी चहाच्या टपरीवर तावातावाने भांडणारी माणसं मूग गिळून हात वर करत गेली. विरोधात बाईंचा एकटीचाच हात. शाईवाले पिशवी उचलून जिना उतरले.

खोली रिकामी झाल्यावर दादा म्हणाले, “आता तू राजीनामा देणार असशील.”

“मी का जाऊ? पक्ष काय तुझ्या एकट्याचा आहे? दर रविवारी येईन आणि दर रविवारी त्यांना परत घ्यायचा ठराव मांडीन. वैतागलास तर मलाही काढ. मग बस एकटाच खुर्च्यांना भाषणं देत.”

दुसऱ्या दिवशी बाई छापखान्यात गेल्या. शाईवाल्यांनी हात पुसले, स्टूल पुढे केलं. “ताई, तुम्ही बोललात, बरं वाटलं. पण मीटरचं गणित तुमच्या डोक्यात अजून शिरलेलंच नाही.”

झालं! यंत्राच्या खडखडाटावर आवाज चढवत दोघं भांडत राहिले. बाई पाय आपटत बाहेर पडल्या. असल्या माणसासाठी आपण सख्ख्या भावाशी वैर घेतलं!

पुढच्या रविवारी त्यांनी ठराव मांडलाच. तो पडला. पण या वेळी तोंड उघडायला कोणी घाबरलं नाही, आणि दादांना दुपारभर सगळ्यांचं ऐकत बसावं लागलं.