पासवर्ड काय शे

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेक माहेरी आली नाही तर आमच्या खान्देशात आईला पुरणसुद्धा गोड लागत नाही. आमची रितिका दिली लांब कोल्हापूरला. यंदा तिला आठवा महिना, डॉक्टरांनी प्रवासाला साफ मनाई केलेली. फोनवर पोरगी हुंदके देत म्हणाली, यायचं नाही तर नाही, पण मांडे करताना मला चुलीजवळ बसव. बसवते, म्हटलं. म्हणायला काय जातं?

जातं ना! आमचं वायफाय पुढच्या घरात, चूल मागच्या खोलीत, आणि मध्ये हे एवढं अंगण. वायफाय अंगणातल्या निंबापर्यंत येतं आणि तिथून माघारी फिरतं. मोबाईलच्या नेटचं तर नावच काढू नका. ते रुसलेल्या पाहुण्यासारखं, मनात आलं तर येणार.

आमचे हे, म्हणजे गल्लीचे वना आबा, तडक पारोळ्याला जाऊन वायफाय पुढे ढकलणारी डबी घेऊन आले. दुकानदाराचं अर्धंच ऐकलं असणार, कारण डबी लावली थेट चुलीच्या खोलीत. जिथे वायफाय पोचतच नाही तिथे ती पुढे काय ढकलणार, माझं कपाळ? मी म्हटलं, कोरड्या विहिरीत मोटर सोडून पाणी येतं का कधी? निंबाला बांधा तिला. ह्यांना पटलं, पण पटलं असं म्हणतील तर शपथ. मुकाट्याने वायर ओढत निघाले.

निंबाला आखाजीचा झोका होताच. त्याच फांदीला डबी बांधली, तर ती घरच्या वायफायचा पासवर्ड मागू लागली. आली का पंचाईत! आम्हाला कुठला ठाऊक? दिवाळीला जावईबापू आले होते, तेव्हा जितेंद्ररावांनीच सगळं बसवून दिलं होतं. इकडे चुलीवर मांड्यांचं खापर तापलेलं, कणीक सैल पडत चाललेली. मी पुढच्या घरात धावत जाऊन त्यांना फोन लावला.

"जितेंद्रराव, पासवर्ड काय शे?"

"हो, आई."

"हो नव्हे. काय शे?"

"बरोबर. काय शे."

मला वाटलं, जावईबापूंना ऐकू येत नाही. मी मोठ्याने विचारलं, ते आणखी आदराने हो म्हणाले. सणाच्या दिवशी जावयाला टाकून बोलता येत नाही, म्हणून सगळा राग नवऱ्यावर काढला. मग ह्यांनी फोन घेतला. तेही तेच विचारू लागले आणि तेच ऐकू लागले. शेवटी मला राहवेना. फोन परत घेतला आणि बापू, तुमची तब्येत तर बरी आहे ना, असं जावयाला तोंडावर विचारलं.

तेव्हा कुठे रितिकाने त्यांच्या हातातून फोन ओढून घेतला. हसण्यापायी तिला बोलता येईना. "माय, पासवर्डच 'काय शे' शे! इंग्रजी अक्षरांत, जोडून." आमच्या अहिराणीत 'काय आहे'ला उठता-बसता 'काय शे', दिवाळीभर बिचाऱ्याच्या कानावर दुसरं काही पडलंच नव्हतं. एवढी गोष्ट तरी इथे कुणी विसरणार नाही, म्हणून त्यांनी तोच ठेवला. आणि आज त्यांना वाटत होतं, सासूबाई खात्री करून घेताहेत.

टाकला, आणि लागलं की हो! मी रितिकाला व्हिडिओवर घेतलं आणि फोन पुरणाच्या पातेल्याला टेकवला. पोरींनी झोका घेतला की फांदी हले आणि पडद्यावर रितिका तोंड उघडं ठेवून थबके. पण आखाजीला पोरींना झोक्यावरून कोण उतरवणार? हलू दे, म्हटलं.

मांडा कोपरापर्यंत ताणला आणि खापरावर टाकला. मला इतका आनंद झाला होता की दोन मांडे तर पुरण न भरताच टाकले.

"माय, अजून जवळ सरकव ना," रितिका म्हणाली. "धग लागू दे."

मी फोन सरकवला, इतका की तो वितळेल म्हणून ह्यांनी बोंब मारली. पोरगी नुसती बघत बसली. तिची हनुवटी थरथरायला लागली तसा माझा हात थांबला.

"काय शे व?" मी विचारलं.

"पासवर्ड," ती म्हणाली, आणि दोन्ही हातांनी पोट धरून हसता हसता रडायला लागली.

खापरावरचा मांडा करपला. करपू दे.