जराशी कणकण

ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली ती दुपारी सव्वातीनला. तीही हॉस्पिटलच्या धुलाई विभागात, इस्त्रीच्या यंत्रासमोर, जिथे आग नसतानाही माणूस उकडून निघतो.

एका टोकाने ओलसर चादर आत सारायची, दुसऱ्या टोकाला दोघींनी कोपरे धरून ओढायची आणि गरम असतानाच घडी मारायची. दिवसाला चारशे चादरी. सगळे तिला ताईच म्हणत, तिच्याहून वयाने मोठ्या बायकासुद्धा. एप्रनच्या खिशातला फोन वाजला. मुलीच्या फुटबॉलच्या सरांचा होता.

"ताई, तब्येत कशी आहे आता?" एरवी मैदान हादरवणारा सरांचा आवाज आज आजाऱ्याच्या खोलीत शिरल्यासारखा झाला होता.

"माझी? मला काय धाड भरलीय?"

"तुम्ही धीराच्या आहात हो. पण भिंतीने मला सगळं सांगितलंय."

भिंत म्हणजे ताईची एकुलती एक मुलगी. वय पंधरा, शाळेच्या संघाची गोलकीपर. तिच्या अंगावरून चेंडू जात नाही म्हणून सरांनीच हे नाव ठेवलं होतं. महिनाभराच्या निवड शिबिरासाठी अख्ख्या शाळेतून तिची एकटीची निवड झाली होती. उद्या सकाळी गाडी निघणार होती. घरी बॅग भरून तयार असेल, असं ताई समजत होती.

"आईला मोठं दुखणं आहे, तिला सोडून जाता येणार नाही, म्हणाली. रडली हो पोर. मी जास्त विचारलं नाही. सांभाळा स्वतःला." सरांनी फोन ठेवलाही.

चादर यंत्रातून अर्धी बाहेर येऊन जमिनीला लागली. समोरची बाई ओरडली, "ताई, अगं धर की!" ताईला ऐकूच गेलं नाही.

मोठं दुखणं! जिवंत आईला आजारी पाडून मोकळी झाली कार्टी! आणि कशासाठी? ताईने क्षणात हिशेब मांडला. पंधरा वर्षांची मुलगी जिवापाड आवडणारा खेळ सोडते, आईच्या आजारपणाचं नाटक रचते, म्हणजे पाणी कुठेतरी मुरतंय. आणि पंधराव्या वर्षी पाणी एकाच ठिकाणी मुरतं. पोरगा! कोण असेल तो दिवटा? तिसऱ्या मजल्यावरचा गिटार खाजवणारा? की चर्चच्या गायनमंडळातला तो नव्या मिशीचा?

तिने मुकादम बाईंकडे दोन तासांची सुट्टी मागितली. "घरी आग लागलीय," एवढंच सांगितलं.

रस्ताभर ती मनात वाक्यं घासत गेली. पोरींना कसं वागायचं हे तिच्याइतकं कोण सांगू शकणार? बारा वर्षं ती आणि तिचा नवरा चर्चमध्ये लग्नाआधीचा वर्ग घेत होते. महिन्यातून एक शनिवार, सभागृहात आठ-दहा जोडपी. बाईच्या शरीराचा महिना कसा चालतो, मूल कधी राहू शकतं, कधी नाही, रोज सकाळी उठण्याआधी ताप मोजून तक्त्यावर ठिपका कसा मांडायचा, सगळं ती फळ्यावर रेघा ओढून सांगे. मुली लाजत, मुलगे एकमेकांना कोपर मारत, आणि ताई दरडावून म्हणे, "हसू नका. देवाने दिलेलं शरीर आहे, चोरीचा माल नाही." फादर तर कौतुकाने तिला तक्तेवाली ताई म्हणत.

घरी भिंत ओट्यापाशी भांडी घासत होती. घर चकचकीत, कपडे वाळत घातलेले, कणीक मळून झाकलेली. महिनाभर हेच चाललं होतं, आणि ताईला वाटत होतं, पोरगी शहाणी झाली. आता तिला वेगळंच वाटलं. लबाड! हे सगळं डोळ्यांत धूळ फेकायला!

"कोण आहे तो?"

भिंत दचकली. "कोण?"

"मला शेंडी लावू नकोस. सरांचा फोन आला होता. आईला दुखणं आहे म्हणे! जीभ कशी झडली नाही तुझी? नाव सांग त्याचं."

"कुणाचं नाव, आई?"

ताईने खुंटीवरचं दप्तर ओढलं आणि टेबलावर उपडं केलं. वह्या, कंपास, बिस्किटांचा अर्धा पुडा, जपमाळ. गोलकीपरचे हातमोजे नव्हते. त्या मोज्यांवाचून ही पोरगी झोपतसुद्धा नसे.

"मोजे कुठेत?"

"दिले. दुसऱ्या गोलकीपरला."

"का?"

भिंत पुन्हा कढई घासायला लागली. मूग गिळून बसली की तिच्या तोंडातून शब्द काढणं म्हणजे दगडातून पाणी काढणं. तेवढ्यात दाराशी हत्यारांची पेटी आपटली. ताईचा नवरा फ्रीज दुरुस्त करायचा. आज काम लवकर आटपलं होतं. आत पाऊल टाकताच त्याने टेबलावरचा पसारा पाहिला, बायकोचा चेहरा पाहिला आणि पाऊल परत बाहेर ठेवलं.

"पळू नका!" ताई कडाडली. "या आत. ऐका तुमच्या लाडक्या लेकीचे प्रताप."

"काय झालं?"

"मी आजारी आहे म्हणून शिबिराला नाही म्हणून आलीय. खोटारडी!"

त्या शब्दासरशी भिंतीच्या हातातली कढई बेसिनमध्ये धाडकन पडली.

"मी खोटारडी? मी? तूच म्हणालीस की कणकण आहे! रोज सकाळी तोंडात थर्मामीटर धरून पडतेस. बोलत नाहीस, हलत नाहीस. बाबा वहीत लिहितात. मी दारात आले की वही उशीखाली! गेल्या महिन्यात मी विचारलं, आई, काय होतंय तुला? तू काय म्हणालीस? काही नाही गं, जराशी कणकण. जराशी! मी ती वही पाहिली, आई. पाच महिन्यांची. दर महिन्याला मधेच ताप चढतो आणि पंधरा-पंधरा दिवस उतरत नाही. आणि रक्त! लाल पेन्सिलीने लिहिलंय. मी फोनवर शोधलं, बारीक ताप राहतो आणि रक्त जातं म्हणजे काय ते. काय काय निघालं माहितीय?" तिला धाप लागली. "माझ्या वर्गातल्या मुलीची आई अशीच गेली. तिलाही घरात कुणी सांगितलं नव्हतं."

नवऱ्याने जाऊन वाहता नळ बंद केला.

"आणि मोजे?" ताईने विचारलं. आवाज तिचा तिलाच ओळखू आला नाही.

"तूच सांगितलं होतंस ना, ईस्टरआधीच्या उपवासकाळात. सोडायचं तर आवडतं सोड, नावडतं सोडून देवाला फसवू नकोस. मग सोडलं. म्हटलं, हे घे, आणि आईला ठेव."

ताई खुर्चीवर बसली. पोरीला थोबाडीत द्यायला आली होती आणि तिच्याच थोबाडीत बसली होती. बारा वर्षं फळा, खडू, परक्यांची पोरं! आणि घरात स्वतःची पोरगी वयात आली तेव्हा काय केलं? पॅडचा पुडा हातात दिला आणि म्हणाली, "होतं असं सगळ्यांना. पोटात दुखलं तर सांग." झालं प्रवचन! शाळेतल्या बाईंनी शरीराचा धडा घरी वाचा म्हणून सोडला, घरच्या बाईने तोही सोडला. ताईला स्वतःच्या आईचा राग येत असे, तिने एक जुनं कापड पुढे टाकून पाठ फिरवली होती म्हणून. आता तो राग कुठल्या तोंडाने करायचा?

"मी तुला म्हणत होतो," नवरा हळूच म्हणाला, "तिला एकदा सांगून टाकू."

"कधी म्हणत होतात?"

"मनात."

"मनात! वाहवा! शनिवारी वर्गात तर पोपटासारखे बोलता. बसा इथे. आज बाई बाईला सांगेल आणि बाप नळ दुरुस्त करायला जाईल, हे चालणार नाही. वही आणा."

वही आली. ताईने ती टेबलावर उघडली आणि बोट ठेवलं. वर्गात सुरुवात करायला तिला एक श्वास पुरायचा. आज तीनदा घसा खाकरावा लागला.

"मी आजारी नाही. हा ताप नाही. बाईच्या शरीरात महिन्यातून एकदा बीज सुटतं. ते सुटलं की अंग किंचित गरम होतं, पाळी येईपर्यंत तसंच राहतं. ही रेघ चढलेली दिसते ना, ती तीच. लाल खूण म्हणजे पाळी. तुला येते तीच. बीज सुटण्याच्या आसपासच्या दिवसांत मूल राहू शकतं. ते ओळखायला मी रोज मोजते. तुझ्या वेळी जिवावर बेतलं होतं माझ्या. दुसरं मूल नको, असं डॉक्टरांनी सांगितलं. म्हणून आम्ही दोघं ते दिवस सांभाळतो."

भिंत वहीकडे बघत होती. मग तिने एका चौकोनावर नखाने टकटक केलं.

"या फुल्या कसल्या? मला वाटलं, त्या दिवशी जास्त दुखतं."

नवऱ्याला ठसका लागला. ताईने त्याच्याकडे असं पाहिलं की ठसकासुद्धा थांबला.

"त्या दिवशी आम्ही नवरा-बायको म्हणून जवळ आलो होतो," ती म्हणाली. "लपवण्यासारखं नाही ते. लग्नातलं प्रेम आहे. तुझे बाबा लिहितात, म्हणून फुली. मी लिहिलं असतं तर ठिपका काढला असता."

भिंतीचे कान लाल झाले. पण हसू आलं नाही तिला. ती वही पुढेमागे चाळत राहिली आणि मग तिने विचारलं.

"हे खरं आहे कशावरून? कणकण आहे म्हणालीस तेव्हाही असाच चेहरा होता तुझा."

"अगं, देवाशपथ..."

"शपथ नको. सरांना फोन लाव. माझ्यासमोर. आणि खरं कारण सांग. गैरसमज झाला, तब्येत बरी आहे, असलं नाही. खरं. तसं सांगितलंस तर मानीन."

"सरांना? अगं, ते परके... पुरुष माणूस..."

"शनिवारी वीस परके असतात, आई. त्यांतले दहा पुरुष असतात."

नवरा खिडकीबाहेर बघायला लागला. ताईने फोन लावला. पलीकडे मैदानावरचा गलका होता.

"सर, मी भिंतीची आई. ते आमच्याकडे जरा गैर..."

समोर पोरगी हाताची घडी घालून उभी. गोलात उभी राहते तशी. काही म्हणता काही आरपार जाणार नव्हतं. ताईने डोळे मिटले.

"सर, मला काही आजार नाही. मूल कधी राहू शकतं ते कळावं म्हणून मी रोज सकाळी ताप मोजून तक्ता ठेवते. आमच्या चर्चमध्ये तेच शिकवते. पोरीने विचारलं तेव्हा मला लाज वाटली आणि मी कणकण आहे म्हणून खोटं सांगितलं. तिला वाटलं मी मरतेय. चूक माझी आहे. तिला घ्या शिबिराला."

सरांनी दोनदा खोकून घेतलं.

"ताई, मी दुपारीच दुसऱ्या गोलकीपरचं नाव पाठवलं हो. आता फार तर राखीव म्हणून घेता येईल. सकाळी सातला मैदानावर पाठवा." आणि मग ओशाळलेल्या आवाजात, "माझीही धाकटी चौदाची आहे. घरात कुणी काही बोलत नाही. बघू, बोलू कधीतरी."

ताईने फोन ठेवला. "राखीव म्हणून घेतायत."

"म्हणजे बाकावर," भिंत म्हणाली. "माझेच मोजे घालून ती गोलात उभी राहणार आणि मी बाकावर." आता मात्र ती रडली. आणि ताई जवळ गेली तर तिने खांदा झटकला. "महिनाभर मी रोज रात्री तुझा श्वास ऐकायला उठत होते! कळतंय का तुला?"

ताईला कळत होतं. बॅग तिनेच भरली आणि बापाचे फ्रीजच्या कामाचे जुने हातमोजे, तात्पुरते तरी, वर ठेवले.

सकाळी सहा वाजता ताईने थर्मामीटर तोंडात धरला. नवरा पेन्सिल घेऊन बसला होता. इतक्या वर्षांत पहिल्यांदा खोलीचं दार सताड उघडं होतं. भिंत खेळाच्या कपड्यांत, बॅग खांद्यावर, दारात येऊन थांबली. वही उशीखाली गेली नाही.

ताईने थर्मामीटर काढला आणि आकडा सांगायला तोंड उघडलं.

"थांब," भिंत म्हणाली. ती आत आली, आईच्या हातातून थर्मामीटर घेतला आणि खिडकीच्या उजेडात धरला. "मी बघते."