रस गप्प झाला

ऑक्टोबर अर्धा सरला आणि सोलेनचा द्राक्षरस आंबायचा थांबला. काल लाकडी टाकीत बुडबुड होती, आज कान लावला तर काही नाही, असं ती पोर सांगत होती. मला कुठलं ठाऊक! फ्रान्सच्या ज्युरा डोंगरातल्या याच द्राक्षमळ्यात जन्मले, इथेच म्हातारी झाले, पण रस आंबत असताना बाईनं तळघरात पाऊल टाकायचं नाही. विटाळ होतो म्हणे, वाइन आंबटढाण होते.

आमचा बाप गेल्यावर मळा पडीक झाला, नुसती काटेरी झुडपं. सोलेन आमच्या धाकट्या भावाची मुलगी. लिओं शहरातली नोकरी सोडून आली, चार वर्षं राबली, आणि हा तिचा पहिलाच रस. मळ्यात अर्धा वाटा माझ्या थोरल्या भावाचा, आन्सेल्मचा. त्यानं आधीच बजावलं होतं, "यंदा बिघडलं तर वेली उपटायच्या, जमीन विकायची."

आता तर त्याला आयतं कोलीत मिळालं. तळघराच्या दारातच खुर्ची टाकून बसला. "सांगत होतो ना! बाई आत शिरली की संपलं. आता बघतो कोण जातं ते."

"काका, रस माझा आहे," सोलेन म्हणाली.

"आणि तळघर माझ्या बापाचं!"

पोर जेवेना. ही परत गेली तर मळ्याचं नावही उरणार नाही.

तिसऱ्या दिवशी त्याला सूप द्यायला गेले. डोंगरावरचा वारा त्या दारातून थेट आत घुसत होता, माझी बोटं गारठली. टाळकंच सटकलं माझं. "अरे दादा, आधीच थंडीनं रस थांबलाय, त्यात तू दार सताड उघडं टाकून बसलायस! गारठ्यात पावाचं पीठ फुगत नाही, रस काय आंबणार? ऊठ!"

"ऑदिल, तू आत जायचं नाहीस."

"धरून दाखव मला!"

गेले. पण खोटं कशाला सांगू, मनात येत होतं, विटाळ खरा निघाला तर? माझ्यामागून सोलेन आली, दादाची खुर्ची बाहेर सारून तिनं दार लावलं, हवेपुरती वरची झडप उघडी ठेवली. गरम पाण्याचे बंद डबे रसात सोडले, टाकीला घोंगड्या गुंडाळल्या. दुसऱ्या दिवशीही शांतताच. बाहेरून दादा विचारतोय, "वेली उपटायला कुदळ आणू का?" मेला!

संध्याकाळी सोलेननं माझं डोकं धरून टाकीला टेकवलं. "आत्या, ऐक."

एक बुडबुडा. थांबून आणखी एक. मग भराभर. सोलेन हसत सुटली. मला मात्र हुंदका फुटला, आणि रागही आला. आमच्या आईनं बोटं वाकडी होईस्तोवर याच वेली छाटल्या. हा आवाज तिला एकदाही कुणी ऐकू दिला नाही.