रविवारची पाजणी

मागच्या दाराला नवं कुलूप दिसलं तेव्हा भरमूनं डोक्यावरचा ओल्या सुताचा भारा सावरला आणि तो बागेच्या पुढच्या फाटकाकडे वळला. मागून गुणाबाई कुंचे घेऊन चालली होती.

"बरंच झालं की," ती नवऱ्याला म्हणाली. "आता चोरावानी कशाला जायचं?"

छत्तीस वर्षं वडगावचे साळी त्या मागच्याच दारानं आत जात होते. बाग होण्याआधी तो त्यांचा माळ होता. भरमूच्या आज्यानं तिथं चिंचा लावल्या त्या सावलीसाठी नव्हे, ताण्याची लांबी मोजून. दोन झाडांना ताणा बांधायचा आणि पेज लावलेलं सूत कुंच्यानं विंचरत सुकवायचं, ही पाजणी. इंग्रज बादशहाच्या दरबाराच्या साली साहेबानं माळाला लोखंडी कुंपण घातलं, गुलाब लावले, बँडसाठी चौथरा बांधला. साळी गल्लीत आले, पण गल्ली आखूड. तिथं ताणा मावेना. मात्र रविवारी सकाळी साहेबलोक चर्चला जात. तेवढे दोन तास गुंडू पहारेकरी मागचं दार उघडून द्यायचा. पुढं लढाईत लष्कराच्या लॉऱ्यांनी गुलाब तुडवले, चौथरा खचला. रविवार तेवढा शाबूत राहिला.

आता साहेब गेला होता. परवाच बागेत झेंडा लागला. पंधरा दिवसांनी पावसानं उघडीप दिली आणि भरमूनं सकाळीच कंट्रोलवर मोजून मिळालेलं सगळं सूत पेजेत भिजवलं. वेळेत ताणलं नाही तर धाग्याला धागा चिकटतो आणि सूत वाया जातं. दुसरं सूत दिवाळीपर्यंत मिळणार नव्हतं.

फाटकातून आत शिरली आणि दोघं थबकली. चिंचांखाली पाय ठेवायला जागा नव्हती. अख्खं गाव नटूनथटून बाग बघायला आलं होतं.

मारुतीराव लगबगीनं पुढं आले. ते बागेच्या नव्या कमिटीचे चिटणीस. साळ्याच्याच घरातले, आता मास्तर.

"भरमूआप्पा, आज न्हाय. लोकं बसल्यात, पेजेचा वास सुटतोय."

"तासाभराचं काम, मारुतीराव. रविवारचं आमी येतोयच की."

"तवा बाग साहेबाची हुती. आता आपली हाय. आपुनच नासली तर कसं व्हायचं?"

भरमूला राग यायला हवा होता. पण मारुतीराव अगदी कळवळून बोलत होते, आणि कळवळणाऱ्या माणसावर रागवायचं कसं हे त्याला कधी शिकावंच लागलं नव्हतं.

"मग आमी कवा यायचं?"

"कवाबी या. आता कुणाची आडकाठी न्हाय."

"पाजणीला?"

मारुतीरावांनी खरोखर विचार केला. लोक नसतील अशी एखादी वेळ ते मनाशी शोधत राहिले.

"पाजणीला न्हाय, आप्पा," ते हळूच म्हणाले. मग त्यांनीच एका बाकावरची माणसं सरकवली. "बसा की जरा. हितं कवा बसलाय?"

कधीच बसली नव्हती. दोघं बसली, मधे भारा. ऊन छान पडलं होतं, पाजणीला हवं तसं. भरमू नखानं एक धागा सोडवू लागला. तो तुटला. दुसराही तुटला. तिसऱ्याला त्यानं हात घातला तेव्हा गुणाबाईनं तो हात धरून बाजूला ठेवला.

"ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "लोकं बघाय लागल्यात."